कुत्र्याच्या अंगाचा वास आणि केसांची निगा : जातीचा दोष किती, पाळणाऱ्याचा किती?

मोगरा (धागाकर्ती)

नमस्कार. मनीषनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये दोन कुत्री आहेत. भीम हा लॅब्रॅडॉर आणि चिंगी ही कॉकर स्पॅनियल. दोघांचे खाणे एकच, शॅम्पू एकच आणि आंघोळीचा वारही एकच आहे. तरीही भीमच्या अंगाला फक्त भिजल्यावर वास येतो, तर चिंगीच्या अंगाला आंघोळीनंतर दोन-तीन दिवसांतच खवट, आंबूस वास येऊ लागतो. पावसाळा लागल्यापासून तो इतका वाढला आहे की सासूबाईंनी तिला देवघराच्या खोलीत यायला बंदी केली आहे आणि पाहुणे आले की चिंगीची रवानगी गॅलरीत होते, जे मला मुळीच पटत नाही.

माझा प्रश्न असा की हा वास त्या त्या जातीचा स्वभावधर्म समजून सोडून द्यायचा असतो का? केसांच्या प्रकारानुसार आंघोळ, विंचरणे आणि कापणे यांत नेमका काय फरक करावा? नागपूरचा उन्हाळा आणि पावसाळा लक्षात घेऊन आणि शक्य तेथे कारण देऊन लिहावे, ही विनंती.

तर्रीपोहे

कुत्र्याला कुत्र्याचाच वास येणार, ताई. मोगऱ्याचा हवा असेल तर कुंडी आणावी.

बर्डीकर

माझे मत थोडे कठोर वाटेल, परंतु वास हा जातीचा नसून आळसाचा असतो. आमच्याकडे वडिलांच्या काळापासून जर्मन शेफर्ड आहेत. दर रविवारी शॅम्पूने आंघोळ, रोज संध्याकाळी ब्रश आणि एप्रिल लागला की अंगावरचे सर्व केस मशीनने उतरवणे, हा आमच्या घरचा शिरस्ता आहे. पंचेचाळीस अंश तापमानात एवढा कोट अंगावर वागवणाऱ्या प्राण्याची दया यायला हवी. कोणी पाहुणा आमच्या घरात नाक मुरडताना मी आजवर पाहिलेला नाही.

अंबाझरीकाठ

बर्डीकर, पाहुणे तुमच्या शेफर्डच्या धाकानेही नाक मुरडत नसतील, ही शक्यता आपण गृहीत धरू.

आळसाचा सिद्धान्त मला मान्य नाही. आमच्याकडे बीगल आहे. बीगल, बॅसेट हाउंड अशा शिकारी हाउंड कुत्र्यांच्या अंगाला एक ठरावीक उग्र दर्प असतो आणि तो अगदी निरोगी, स्वच्छ कुत्र्यालाही असतो. आमच्या बीगलचे केस बोटाच्या पेरापेक्षाही आखूड आहेत, तरी त्याच्या मानेवरून हात फिरवला की तळव्याला किंचित तेलकटपणा जाणवतो. याउलट शेजारच्या घरातील गावठी कुत्री महिनोन्महिने आंघोळ करत नाही, तरी तिच्या अंगाला नाक लावले तर उन्हात वाळवलेल्या गोधडीसारखा वास येतो. आळसच मोजायचा तर शेजारी आमच्याहून अधिक आळशी आहेत, हे मी खात्रीने सांगू शकतो.

गुरांचे डॉक्टर

मोगराताई, प्रश्न चांगला मांडला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कुत्र्याच्या त्वचेत प्रत्येक केसाच्या मुळाशी तेलग्रंथी असतात. हे तेल केसांना चकाकी देते आणि पाण्यापासून बचाव करते. ते फार उग्र नसते. परंतु त्वचेवर नेहमीच वसलेले जिवाणू आणि मॅलासेझिया नावाचे यीस्ट त्या तेलावर जगतात, आणि त्यातून जे पदार्थ तयार होतात त्यांचा आपल्याला वास येतो. तेल जितके जास्त, हवा जितकी दमट आणि त्वचेच्या घड्या जितक्या अधिक, तितकी या मंडळींची चंगळ होते. कॉकर स्पॅनियल आणि बॅसेट हाउंड या जातींत तेल अधिक सुटण्याची प्रवृत्ती असते, त्यामुळे अंबाझरीकाठ यांचे म्हणणे बरोबर आहे. जातीचा वाटा असतोच.

भिजल्यावर येणारा वास ही निराळी गोष्ट आहे. केसांना चिकटून बसलेली वास देणारी द्रव्ये पाण्यामुळे सुटी होतात आणि पाण्याच्या वाफेबरोबर हवेत मिसळतात. कुत्रा पूर्ण वाळला की हा वास जवळजवळ जातो. भीमच्या बाबतीत एवढेच घडत असावे.

चिंगीचे वर्णन मात्र मला खटकते. आंघोळीनंतर दोन-तीन दिवसांत परतणारा खवट वास हा स्वभावधर्म म्हणून सोडून देऊ नये. आज रात्री ती निवांत झोपली असताना अंगाचा एकेक भाग वेगवेगळा हुंगून पाहा. आधी कान उलटा करून आतली बाजू, मग खालच्या ओठाची घडी, तोंड, पंजांच्या बोटांमधली जागा आणि शेवटी शेपटीखालचा भाग. कॉकरच्या खालच्या ओठाला बाजूने एक खोल घडी असते. तिच्यात लाळ आणि अन्नाचे कण साचून कातडी कुजट होते, आणि मालकाला वाटते की सगळ्या अंगालाच वास आहे. कानात तपकिरी, चिकट मळ दिसला आणि आंबलेल्या पावासारखा वास आला तर यीस्टचा संशय घ्यावा. मासळीसारखा तीव्र वास शेपटीखालून येत असेल आणि ती जमिनीवर बूड घासत असेल तर गुदग्रंथी भरलेल्या असतात. पंजांना मक्याच्या चिप्ससारखा हलका वास येणे मात्र सामान्य आहे, त्याची चिंता करू नये.

तर्रीपोहे

आमच्या कुत्र्याने ते बूड घासणे नव्या सोफ्याच्या कव्हरवर केले होते. डॉक्टरसाहेब, त्या ग्रंथी घरी दाबून रिकाम्या करता येतात का? आमचे शेजारी मोठ्या उत्साहाने तयार आहेत.

गुरांचे डॉक्टर

शेजाऱ्यांचा उत्साह दुसऱ्या कामाला लावावा. चुकीचा दाब पडला तर ग्रंथीला सूज येते किंवा ती फुटते. दवाखान्यात हे दोन मिनिटांचे काम आहे. ज्यांच्या ग्रंथी आपोआप रिकाम्या होतात त्यांना विनाकारण हात लावू नये, कारण वारंवार दाबल्याने त्रास वाढू शकतो.

संत्राबर्फी

डॉक्टरांनी त्वचेबद्दल लिहिले आहे, मी केसांबद्दल लिहिते. आमच्याकडे शिह त्झू आहे. शिह त्झू, ल्हासा अप्सो, माल्टीज, पूडल यांचे केस फारसे गळत नाहीत, ते वाढतच राहतात. घरात केस सापडत नाहीत म्हणून लोक या जाती घेतात. परंतु गळलेला केस जमिनीवर पडण्याऐवजी अंगावरच्या केसांत अडकतो आणि तिथे गाठ बसते, हे त्यांना कोणी सांगत नाही.

गाठी नेहमी त्याच ठिकाणी होतात : कानांमागे, काखेत, पट्ट्याखाली आणि मागच्या पायांच्या आतल्या बाजूला. वरून ब्रश फिरवला की कुत्रा कापसासारखा मऊ दिसतो, आणि बोटे कातडीपर्यंत नेली की खाली नमद्यासारखा थर लागतो. मी केसांचा एकेक पट्टा हाताने वर उचलून, कातडीची रेघ दिसेल अशा बेताने खालून वर विंचरते आणि शेवटी लोखंडी कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेला तरच तो भाग झाला असे मानते. कंगवा अडकला तर ओढायचे नाही. गाठ मुळाशी चिमटीत धरून टोकाकडून सोडवायची. आंघोळ नेहमी गुंता काढल्यावरच घालावी, कारण गाठ भिजली की आवळते आणि तिच्या पोटातले पाणी दिवसभर वाळत नाही. कुबट वासाचे निम्मे मूळ तिथेच असते.

याशिवाय दाढीला लागलेले दही-भात आणि पोटाखालच्या केसांना लागलेली लघवी हे लांब केसांच्या लहान कुत्र्यांचे खास वास आहेत. जेवणानंतर दाढी ओल्या कापडाने पुसावी, पोटाखालचे आणि शेपटीखालचे केस आखूड ठेवावेत आणि चार ते सहा आठवड्यांनी सर्वांगाचे केस कापून घ्यावेत.

बर्डीकर

म्हणजे शिह त्झूचे केस कापलेले चालतात आणि माझ्या शेफर्डचे चालत नाहीत, असे आता कोणीतरी लिहिणार. उन्हाळ्यात आपण स्वेटर काढतो, मग कुत्र्याचा का काढू नये?

गुरांचे डॉक्टर

लिहिणारा मीच. शिह त्झूचा कोट सतत वाढणारा आहे. कापला की पुन्हा तसाच वाढतो. जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, हस्की, पॉमेरेनियन आणि आपल्याकडे घरोघर दिसणारा स्पिट्झ यांचा कोट दुपदरी असतो : बाहेर राठ, लांब केस आणि आत मऊ लव. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून उष्णता बाहेर टाकतो. त्यामुळे केस उतरवल्याने आपल्याला वाटतो तितका गारवा त्याला मिळत नाही, आणि बाहेरचे केस जे ऊन अडवतात ते मात्र गेलेले असतात. नागपूरच्या मे महिन्यात उघड्या कातडीवर ऊन लागले तर ती भाजते, विशेषतः फिक्या रंगाच्या कुत्र्यांची.

उन्हाळ्यात काढायची असते ती आतली सुटलेली लव. ती रेकने (लांब दात्यांच्या कंगव्याने) नीट काढली की बाहेरच्या केसांतून हवा खेळते आणि कुत्र्याला खरा आराम पडतो. शिवाय मशीनने उतरवलेला दुपदरी कोट पुन्हा जसाच्या तसा येईल याची हमी नसते. पॉमेरेनियन, हस्की अशा जातींत तो काही महिने, कधी त्याहूनही अधिक काळ, ठिकठिकाणी येतच नाही.

बर्डीकर

आमच्या कुत्र्यांचे केस दर वर्षी दिवाळीपर्यंत पूर्ववत होतात. अनुभव हाही पुरावाच आहे.

गुरांचे डॉक्टर

आहेच. शेफर्डचे केस बहुधा परत येतात. मी हमी नाही असे म्हटले, येतच नाहीत असे नाही. जखम, चिघळलेली जागा किंवा सुटणार नाही इतका गुंता असेल तर मीही मशीन चालवतो. प्रश्न फक्त दर एप्रिलला सरसकट उतरवण्याचा आहे.

दर रविवारच्या शॅम्पूबद्दलही थोडे. माणसाच्या त्वचेचा सामू साधारण ५.५ असतो, तर कुत्र्याच्या त्वचेचा ७ च्या आसपास, आणि त्याच्या त्वचेचा वरचा थर आपल्यापेक्षा बराच पातळ असतो. आपला शॅम्पू, अगदी लहान बाळाचासुद्धा, नियमित वापरला की त्वचा कोरडी पडते, कोंडा होतो आणि खाज सुटते. कुत्र्यांसाठीचा सौम्य शॅम्पू असेल तर आठवड्याची आंघोळ सोसते. निरोगी आखूड केसांच्या कुत्र्याला ती क्वचितच लागते.

नवतपा

वासाच्या या चर्चेत नागपूरकरांनी कूलरचा उल्लेख करू नये, याचे मला नवल वाटते.

आपल्याकडे कुत्र्याला आंघोळ घालून कूलरसमोर बसवण्याची पद्धत आहे. कूलरची हवा गार असली तरी ती ओली असते. खोलीच्या खिडक्या उघड्या नसतील तर तासाभरात गादी, पडदे आणि कुत्रा सगळेच दमट होते. वरचे केस वाळलेले दिसतात, परंतु आतली लव कातडीजवळ ओलसरच राहते. कूलरच्या टाकीतले पाणी शिळे असेल तर त्याचा शेवाळी वास केसांत बसतो तो निराळाच. आमच्याकडे गोल्डन रिट्रीव्हर आहे आणि आम्ही आंघोळीचा दिवस सकाळी लवकरचा ठेवतो : दोन सुती पंचांनी दाबून पाणी टिपायचे, मग साध्या पंख्याखाली, केस उलट्या दिशेने विंचरत वाळवायचे. पावसाळ्यात पंखा पुरत नाही, तेव्हा गार हवेचा ड्रायर वापरतो.

भीमसाठी मी एवढेच सुचवेन की वास येतो म्हणून शॅम्पू बदलण्याआधी वाळवण्याची पद्धत बदलून पाहावी. त्याचे अंथरूणही धुवावे. कुत्रा स्वच्छ आणि गादी तशीच, असे घरोघर असते.

खामल्याचे काका

एवढे शॅम्पू आणि ड्रायर आमच्या वेळी नव्हते. रिठ्याचे पाणी, कडुनिंबाचा पाला उकळून केलेला काढा आणि वर उन्हात बसवणे, यावर आमची कुत्री चौदा-चौदा वर्षे जगली. बैलाला खरारा करतात तसा कुत्र्यालाही केला की वास कशाला येईल? हल्लीच्या लोकांना बाटलीशिवाय समाधान नाही.

संत्राबर्फी

काका, खराऱ्याला शंभर टक्के अनुमोदन. आखूड केसांच्या कुत्र्यांसाठी रबरी दाते असलेला हातमोजा मिळतो, तो खराराच आहे. रिठा मात्र डोळ्यांत गेला तर फार झोंबतो, आणि कडुनिंबाच्या पाण्याने गोचीड मरत नाहीत. कुत्र्यावरची मादी पोट भरले की उतरून भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते, त्यामुळे कुत्र्याबरोबर घराचाही बंदोबस्त करावा लागतो.

कोणी वासासाठी टी ट्री तेल सुचवत असेल तर मुळीच लावू नका. ते कुत्र्यांना विषारी आहे. फिनेल टाकलेल्या पाण्याने अंग पुसणे हा प्रकारही मी डोळ्यांनी पाहिला आहे, म्हणून तोही सांगून ठेवते.

खामल्याचे काका

फिनेल आम्हीही कधी वापरले नाही, बाई. तेवढी अक्कल आमच्या पिढीला होती.

लातूरचा पाहुणा

नोकरीमुळे सध्या नागपुरात आहे, मूळ लातूरकडचा. विलायती जातींच्या यादीत आपल्या कारवानीचे नाव कोणी घेतले नाही, म्हणून लिहितो. कारवानीचे केस आखूड आणि अंगाला चिकटून असतात, कातडीला घड्या नाहीत आणि तेलकटपणाही फारसा नाही. शेतातून धावून आल्यावर ओल्या पंचाने पुसले की झाले. तिच्यातीलच पश्मी प्रकाराला कान, शेपटी आणि पायांवर रेशमी झालर असते. त्या झालरीत कुसळे आणि गोखरू अडकतात, तेवढी मात्र रोज पाहावी लागते. एक सांगावेसे वाटते की हे कुत्रे फ्लॅटसाठी नाही. वास येत नाही एवढ्याच कारणाने कोणी आणू नये, त्याला धावायला रान लागते.

अंबाझरीकाठ

पाहुण्यांशी सहमत. आमच्या इमारतीत वास आणि केस यांचा विचार करून पग आणला गेला आणि मग कळले की पग बारमाही केस गाळतो. त्याच्या नाकावरच्या घडीत लोणच्याच्या फोडीइतकी ओल असते, ती रोज कोरड्या मऊ कापडाने पुसावी लागते. पग आणि बुलडॉग यांच्या मालकांनी ड्रायरबाबतही सावध राहावे. पिंजऱ्यात बसवून गरम हवा सोडण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. चपट्या नाकाच्या कुत्र्याला धापा टाकून अंग गार करणे आधीच जड जाते, त्यामुळे त्याला उष्माघात होऊ शकतो. ग्रूमरकडे सोडून निघून न जाता समोर उभे राहावे.

मोगरा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चिंगीला हुंगून पाहिले आणि तिच्या पाठीला, पोटाला फारसा वासच नव्हता हे पाहून घरातले सगळे चकित झाले. वास खालच्या ओठाच्या घडीला होता आणि दोन्ही कानांना. घडी बोटांनी उघडली तेव्हा आतले केस तपकिरी होऊन एकमेकांना चिकटलेले होते आणि कातडी लाल, ओलसर दिसत होती. सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या चिकित्सालयात नेले. कानातला मळ काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, त्यात यीस्ट निघाले. कानासाठी थेंब, ओठांसाठी क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचे पुसणे आणि क्लोरहेक्सिडीन व मायकोनॅझोल (यीस्टवरचे औषध) असलेला शॅम्पू दिला आहे. ओठांभोवतीचे आणि कानांच्या आतल्या बाजूचे केस आखूड करायलाही सांगितले.

दोन शंका राहिल्या आहेत. हा शॅम्पू अंगावर किती वेळ ठेवायचा असतो? आणि भीमच्या तोंडाला अलीकडे वास येतो, त्यासाठी आपली टूथपेस्ट चालेल का?

गुरांचे डॉक्टर

शॅम्पू फेस करून १० मिनिटे ठेवायचा, घड्याळ लावून. लगेच धुतला तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही, आणि मग लोक म्हणतात की शॅम्पू निरुपयोगी आहे. ही आंघोळ किती दिवसांनी द्यायची ते तपासणाऱ्या डॉक्टरांनी लिहून दिले असेल, त्यात स्वतःच्या मनाने बदल करू नये. पुढे अशी तक्रार वारंवार झाली तर मूळ कारण शोधावे लागेल. यीस्ट बहुधा ॲलर्जी किंवा अन्य आजाराच्या पाठीमागून येते. वय झालेल्या कुत्र्याचा कोट अचानक तेलकट आणि विरळ झाला तर थायरॉईडही तपासावे.

आपली टूथपेस्ट अजिबात नको. कुत्रा ती गिळतो, आणि काहींमध्ये झायलिटॉल हा गोडी आणणारा पदार्थ असतो, जो कुत्र्यांना अल्प प्रमाणातही घातक आहे. कुत्र्यांसाठीची पेस्ट मिळते. दातांच्या मुळाशी पिवळा-तपकिरी थर जमला असेल तर मात्र घासून भागणार नाही, तो दवाखान्यातच काढावा लागेल. तोंडाला लघवीसारखा वास येऊ लागला तर मूत्रपिंडांची तपासणी लांबवू नका.

तर्रीपोहे

सासूबाईंनी बंदी उठवली का?

मोगरा

अद्याप विचाराधीन आहे. सध्या उंबरठ्यापर्यंत परवानगी मिळाली आहे आणि आरतीच्या वेळी ती तिथे शेपटी हलवत बसते.

बर्डीकर

केस उतरवण्याबाबत माझे मत मी अजून बदललेले नाही, परंतु या एप्रिलला रेक वापरून पाहायला हरकत नाही. कोणता घ्यावा आणि कसा फिरवावा? मागे एकदा आणलेल्या धारदार पात्याच्या साधनाने लवेबरोबर वरचे केसही तुटत होते.

संत्राबर्फी

पात्याचा नको, गोल टोकांचे दाते असलेला घ्या. शेफर्डसाठी दाते लांब हवेत, म्हणजे ते लवेपर्यंत पोहोचतात. कोरड्या अंगावर, केसांच्याच दिशेने, हलक्या हाताने फिरवा आणि मांड्यांच्या मागच्या बाजूपासून व मानेपासून सुरुवात करा, कारण लव तिथे सर्वांत दाट असते. एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरवल्यास कातडी लाल होते, म्हणून रेकवर केस येणे कमी झाले की पुढच्या भागाकडे वळा. आणि हे गच्चीवर करा. घरात केले तर कूलरच्या जाळीतून ते केस तुम्हाला दिवाळीपर्यंत काढावे लागतील.